आईच्या जागेवरून टीव्ही

आमच्या घरातल्या जुन्या रंगीत टीव्हीचं पोट पुढूनही सुटलेलं होतं आणि मागूनही. मागचं पोट कुठल्याच टेबलावर धड बसेना, म्हणून तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून सिमेंटचा कट्टाच बांधून घेतला. गवंड्यानं हौसेनं त्याला लाल रंगाची किनार ओढली. टीव्ही त्या कट्ट्यावर बसला तो बसलाच. पुढं घरातलं कपाट हललं, पलंग हलला, देवसुद्धा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेले, पण टीव्हीची जागा काही हलली नाही.

आमची वस्ती भवानीनगरपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. चारी बाजूंना ऊस. तात्या कारखान्यात कामाला होते, मी रोज एसटीनं बारामतीला कॉलेजला जायचे, आई घर आणि शेत दोन्ही बघायची. घरात चौथं माणूस म्हणजे आबा, माझे आजोबा. आबांनी तरुणपणी मेंढरं राखली होती. पुढं रानाला पाणी आलं, मेंढरं गेली, पण मेंढरांमागं चालायची सवय आणि काळी घोंगडी तेवढी मागं राहिली. टीव्हीच्या बरोबर समोर, मागच्या भिंतीला टेकून, ती घोंगडी अंथरलेली असायची आणि तिच्यावर आबा. बातम्या, कुस्ती, पावसाचा अंदाज आणि शेतीचा कार्यक्रम एवढं ते बघायचे. बाकीचं चालू असलं की डोळे मिटून ऐकायचे. आम्हाला वाटायचं झोपले, म्हणून मी चॅनेल बदलायला जायचे, तर लगेच डोळे न उघडता म्हणायचे, "हाय ते ऱ्हाऊ दे."

आता आईची जागा सांगते, कारण ही सगळी गोष्ट त्या जागेची आहे. टीव्ही ज्या भिंतीला होता तिच्या अगदी लगत, बाजूच्या भिंतीत, स्वयंपाकघराचं दार. त्या दाराच्या आतल्या अंगाला आई पाट टाकून बसायची. उंबऱ्यावर बसायचं नाही, म्हणून उंबऱ्याच्या आत. बाहेर येऊन बसायचं नाही, कारण बाहेर सासरे बसलेले. डोक्यावर पदर, एक खांदा चौकटीला, मांडीवर काहीतरी निवडायला घेतलेलं. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही ही रीत आमच्याकडं कुणी शिकवावी लागत नव्हती. आई लग्न होऊन आली तेव्हा ती रीत पाळत होती आणि मी कॉलेजला जाऊ लागले तेव्हाही पाळतच होती.

रीत एका बाजूची नव्हती, हेही सांगायला हवं. आबा बाहेरून आले की अंगणातच खोकायचे. खोकला नसला तरी खोकायचे. आत सून असेल तर तिला पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून. घोंगडीवर बसले की स्वयंपाकघराच्या दाराकडं कधी मान वळवायचे नाहीत. आईशी बोलायचं असलं तर माझ्यामार्फत. आई चार हातांवर बसलेली असताना मला म्हणायचे, "पोरी, तुज्या आईला म्हणावं च्या टाक." मी काही म्हणायच्या आधीच आत आधण चढलेलं असायचं. मग आई कप माझ्या हातात द्यायची, मी तो घोंगडीजवळ ठेवायचे. चहा आई पाकासारखा गोड करायची. "मामंजींना गोडच लागतो," असं ती अभिमानानं सांगायची, आणि आबा एक अक्षर न बोलता कप रिकामा करायचे. सुनेच्या हातच्या खाण्याला नाव ठेवायचं नाही हा त्यांचा नेमच होता. दोन माणसं एका घरात अठरा-वीस वर्षं अशी राहिली होती, आणि दोघांना एकमेकांबद्दल माया होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. फक्त ती माया दाखवायची पद्धत म्हणजे एकमेकांकडं बघायचं नाही.

टीव्हीची सगळी उस्तवार आईकडं होती. हंगाम सुरू झाला, कारखान्याची चिमणी पेटली की वाऱ्यावर काळी काजळी उडत यायची. वाळत घातलेल्या कुरडयांवर, दुधावर, सगळीकडं. टीव्हीवरही बसायची. आई सकाळी तात्यांच्या जुन्या बनियनचा मऊ तुकडा घेऊन काच पुसायची, आधी कोरडा, मग परत कोरडा. ओलं फडकं लावायचं नाही असं दुकानदारानं सांगितलं होतं ते तिनं वेदवाक्य मानलं होतं. पुसताना काचेतून बारीक चरचर आवाज यायचा आणि तिच्या हातावरची लव उभी राहायची. ते तिला फार आवडायचं. मला बोलावून दाखवायची. पुसून झालं की पोपट विणलेलं पांढरं कव्हर. ढग गडगडले की ती ताटावरून उठून पिन काढायची. स्टॅबिलायझरचा काटा डुलायला लागला की आबांच्या कुस्तीतसुद्धा आतून मला हाक यायची, "बंद कर गं, येतंय-जातंय!" घरातल्या टीव्हीला सगळ्यात जास्त हात लावणारं माणूस तो सगळ्यात कमी बघत होतं, हे मात्र माझ्या टाळक्यात कित्येक वर्षं शिरलं नाही.

मी तशी तोंडाची फटकळ. संध्याकाळी मालिका चालू असली की आतून आईचे प्रश्न सुरू व्हायचे. "त्यो कोण बोलला गं?" "आता कोण आलं?" "ती रडती कशाला?" मी चिडायचे. "आई, डोळे आहेत ना तुला? बघ की नीट!" मग ती गप्प व्हायची, आणि थोड्या वेळानं अगदी हळू, "पण त्यो थोरला का धाकटा?" मी कपाळावर हात मारून घ्यायचे. माझं मत असं होतं की आई अर्धं लक्ष भाजीत आणि अर्धं टीव्हीत ठेवते, म्हणून तिला काही कळत नाही. मैत्रिणींना मी तिच्या प्रश्नांच्या नकला करून दाखवायचे. बारामती येईपर्यंत एसटीत आम्ही हसायचो.

मग एकदा आईच्या भावाला नातू झाला आणि बारशासाठी ती चार दिवस बावड्याला माहेरी गेली. घर माझ्या अंगावर पडलं. संध्याकाळी आबा घोंगडीवर, तात्या पलंगावर, आणि मी पहिल्यांदाच आईच्या पाटावर गवारीच्या शेंगा मोडत बसले. मालिका लागली. मी मान वर केली आणि मला टीव्ही दिसेना.

म्हणजे टीव्ही दिसत होता, त्यातलं चित्र दिसत नव्हतं. फुगलेल्या काचेची पलीकडची बाजू त्या फुगवट्यामागं वळून गेली होती. अलीकडच्या बाजूवर अंगणाच्या उघड्या दाराचा उजेड पडून नुसता पांढरा डाग. मधे वीतभर पट्टी उरली होती, तिच्यात जो कुणी येऊन उभा राहील तो दिसायचा, आणि तोही भाकरीसारखा थापटलेला. बाई बोलायला लागली की चालत पलीकडं जायची आणि नाहीशी व्हायची. नुसता आवाज. मी शेंग हातात धरून कितीतरी वेळ तशीच बसले होते. "त्यो कोण बोलला गं?" हा प्रश्न माझ्याच तोंडात आला होता.

मला त्या क्षणी स्वतःची इतकी चीड आली की मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. एवढ्या वर्षांत मी एकदाही त्या पाटावर बसले नव्हते.

आई परत आली तेव्हा मी तिला मागच्या दारी गाठलं. म्हटलं, "तुला एवढंच दिसतं?"

"किती?"

"हे एवढं. वीतभर."

ती हसली. "ऐकू येतंय की सगळं. दिसायला काय, तीच तीच माणसं असत्यात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? मामंजी म्होरं बसल्यात, त्यांना उठा म्हणू? का ह्यांनी बांधलेला कट्टा फोडा म्हणू?" आणि मग आवाज एकदम खाली आणून, "आबांना यातलं काय बोलायचं न्हाय हं. त्यांना वाईट वाटंल. माजी शपथ हाय."

शपथ घातली म्हणजे संपलं. मी तिला म्हटलं, मग तू ये की बाहेर, कोण खातंय तुला. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवळात चप्पल घालून जा म्हणाले होते. या बाबतीत आमची भांडणं पुढं चार-पाच वेळा झाली आणि प्रत्येक वेळी मीच हरले.

पण टीव्हीनंच मला हात दिला. पुढच्या हंगामाच्या तोंडाला त्याचं चित्र दोन्ही बाजूंनी आत यायला लागलं. कडेला काळ्या पट्ट्या, माणसांची तोंडं हिरवी. भवानीनगरचा मेकॅनिक आला, मागचं झाकण उघडून त्यानं एक मेलेली पाल बाहेर काढली, दोन ठिकाणी सोल्डर मारलं आणि सांगितलं की ट्यूब संपली, आता यात राम नाही. आबा म्हणाले, "म्हातारा झाला. त्याला आता चारापाणी करून उपेग न्हाय." दिवाळीनंतर बारामतीला जाऊन नवा आणायचा असं ठरलं.

आणायला कोण जाणार? तात्या, कारण ते तात्या. आबा, कारण त्यांच्याशिवाय घरात मेंढरू आलं नव्हतं की बैल, तर टीव्ही कसा येईल. आणि मी, कारण मला बारामतीतली दुकानं ठाऊक. आईला कुणी विचारलं नाही आणि तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ती म्हणाली, "रंग तेवढा चांगला बघा."

आदल्या दिवशी आबा-तात्या घरात नसताना मी सुतळीचा तोडा घेतला. कट्ट्यावरच्या टीव्हीच्या मध्यापासून आईच्या पाटापर्यंत सुतळी ताणली आणि तिथं गाठ मारली. मग पाट टीव्हीच्या भिंतीपासून किती पुढं आहे ते मोजलं आणि दुसरी गाठ मारली. आई दारात उभी राहून बघत होती. "हे काय गं नवीन?" मी म्हटलं, कॉलेजचं आहे. सुतळी पर्समध्ये टाकली.

दुकान भिगवण रस्त्याला होतं. आत शिरल्यावर भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच गाणं, एकच बाई वीस वेळा नाचत होती. आबा दारातच थबकले. मग फेटा सावरून त्यांनी काम सुरू केलं. मेंढा घेताना ते आधी मागून बघायचे, पाठीवर हात फिरवायचे, लोकर उकलून कातडं बघायचे. तसेच ते एकेका टीव्हीच्या मागं जाऊन त्याच्या पाठीवर थापटू लागले. "ह्यो दांडगा हाय. ह्यो टिकंल." दुकानदार सांगत होता की बाबा, टीव्ही पुढून बघायचा असतो. आबा म्हणाले, "पुढनं समदीच चांगली दिसत्यात."

तात्यांचं मन दोन्ही बाजूंना लांबट स्पीकर असलेल्या एका सेटवर बसलं होतं. त्याचा आवाज वाढवला की काउंटरवरची काच थरथरायची. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारून पसंती दिली. दोघांचं एकमत होणं आमच्या घरात वर्षातून एखाद्या वेळी घडायचं, आणि ते नेमकं त्या दिवशी घडलं. तोही सेट जुन्यासारखाच, पुढून फुगीर.

शेजारी एक वेगळा सेट होता. काच एकदम सपाट, पाटीसारखी. दुकानदार म्हणाला, "ही आत्ता नवीन आलीय, फ्लॅट. कुठूनही बघा, चित्र सारखं दिसतं."

मी म्हटलं, "कुठूनही म्हणजे कुठूनही?"

"कुठूनही, ताई."

मी पर्समधून सुतळी काढली. तात्या म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "धरा जरा." सुतळीचं एक टोक त्यांच्या हातात देऊन मी त्या फुगीर सेटच्या मध्यावर धरायला लावलं, दुसरं टोक गाठीपर्यंत ताणलं, भिंतीपासूनचं अंतर मोजलं, आणि दुकानाच्या फरशीवर, भर गिऱ्हाइकांत, खाली बसले. एक गुडघा वर, खांदा एका फ्रिजला टेकलेला. तिथून बघितलं. तीच वीतभर पट्टी. मग सुतळी सपाट सेटवर लावली आणि पुन्हा बसले. चित्र अरुंद दिसत होतं, पण आख्खं होतं. नाचणाऱ्या बाईचे दोन्ही हात दिसत होते.

तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "ऊठ, लोक बघत्यात," ते दातओठ खाऊन म्हणाले.

"मला हाच पाहिजे," मी म्हटलं.

"का पर?"

आता काय सांगणार? आईची शपथ. मी म्हटलं, "पाहुणेरावळे आले की कडेला बसतात. त्यांना दिसत नाही."

तात्यांचा विश्वास बसला नाही आणि पटलंही नाही. स्पीकरवाला का नको ते ते मला सांगू लागले. मी हट्टाला पेटले, ते रागाला आले, दुकानदार दोन्ही सेटचे गुण सांगू लागला. या गडबडीत आबा कुठं गेले ते कुणी बघितलं नाही. मी वळले तर ते माझ्या जागेवर उभे होते, सुतळीची गाठ जिथं पडली होती तिथं.

"माजा हात धर," ते म्हणाले.

त्यांचे गुडघे धरलेले असायचे. मी हात धरला, आणि आबा हळूहळू त्या फरशीवर खाली बसले. दुकानदार खुर्ची घेऊन धावला. "खुर्ची नगं," आबा म्हणाले. त्यांनी आधी फुगीर सेटकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मान पुढं काढून बघितलं, मागं नेऊन बघितलं. मग सपाट सेटकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"हितं कोण बसतं?"

"पाहुणे," मी म्हटलं.

"पाव्हणं दाराच्या आत बसत्यात व्हय?"

तात्या हातातलं सुतळीचं टोक गुंडाळायला लागले, त्यांनाही तेव्हाच उमगलं असावं. आबा फरशीकडं बघत बसले होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. हरवलेलं मेंढरू आपल्याच वाड्यात अडकलेलं सापडावं आणि इतके दिवस आपण रानभर हिंडलो हे कळावं, तसं काहीतरी त्यावर होतं. मला वाटलं, शपथ मोडली. पण मी तर काहीच बोलले नव्हते.

"ह्योच बांधा," आबा दुकानदाराला म्हणाले, सपाट सेटकडं बोट करून. त्याच्या पाठीवर त्यांनी हातसुद्धा फिरवला नाही.

टीव्ही जीपमधून घरी आला. आईनं ओवाळला, वरच्या प्लास्टिकला हळदकुंकू लावलं, काचेला लागू नये म्हणून डावा हात आडवा धरून. जुनं पोपटाचं कव्हर त्याला होईना, ती रात्रीतून नवं शिवायचं म्हणत होती. दुकानदाराच्या सूचना मी वाचून दाखवल्या : कोरडं फडकं, जवळ चुंबक नको, वरच्या जाळीवर काही ठेवायचं नाही. तिनं प्रत्येक सूचनेला मान हलवली. मग संध्याकाळी मालिका लागली. आई नेहमीप्रमाणं पाटावर, चौकटीला खांदा लावून. मी चोरून तिच्याकडं बघत होते.

"अगं बया," ती म्हणाली, "त्यांच्या घरात त्या कोपऱ्यात घड्याळ हाय व्हय?"

दोन वर्षं चाललेली मालिका होती ती. घड्याळ पहिल्या दिवसापासून तिथंच होतं. मला हसू आलं. त्यानंतर त्या दिवशी तिनं एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला तिचे प्रश्न ऐकायचे होते.

मला वाटलं गोष्ट इथं संपली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी घोंगडी उचलली. मागच्या भिंतीपासून ओढत ओढत आणून त्यांनी ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात अंथरली. नाक लागेल इतक्या जवळ नाही, पण चार हातांवर. आणि टीव्हीकडं तोंड करून, सगळ्या खोलीकडं पाठ करून बसले.

"आबा, एवढ्या जवळून डोळे जातील," मी म्हटलं.

"गेल्यालंच हायती. लांबनं दिसत न्हाय मला."

हे खोटं होतं. लांबच्या बांधावर कुणाची गाय शिरली ते आबा घरातून ओळखायचे. तात्यांनीही सांगून बघितलं. आबा ऐकेनात. पाठीला टेकायला भिंत नाही म्हणून त्यांनी एक पोतं गुंडाळून मागं घेतलं, पण जागा सोडली नाही. त्यांच्या मागं सगळी खोली मोकळी पडली होती, टीव्हीच्या बरोबर समोर, आणि तिथं जो बसेल त्याच्याकडं आबांची पाठ असणार होती. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं. आईला कदाचित पहिल्याच दिवशी कळलं असेल, पण तिला धीर व्हायला पंधरा दिवस लागले.

एका दुपारी ती मेथीची जुडी घेऊन उंबरा ओलांडून बाहेर आली. भिंतीच्या कडेनं, पाय न वाजवता. आबांच्या मागं, बऱ्याच अंतरावर, जिथं आधी घोंगडी असायची तिथं बसली. मी पलंगावर पुस्तक घेऊन पडले होते, ते मी तोंडापुढं धरलं. आबांनी मान वळवली नाही. पण बांगड्या वाजल्याच असतील, मेथीचा वास आलाच असेल. टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम चालू होता. थोड्या वेळानं आबा मला म्हणाले, "पोरी, ह्ये बदल. दुसरं काय गाणंबिणं हाय का बघ." उभ्या जन्मात त्यांनी शेतीचा कार्यक्रम बदलायला सांगितला नव्हता.

मग ते रोजचंच झालं. नवीन रीतही आपोआप पडली. आबांना उठायचं असलं की ते आधी खोकायचे, घोंगडीवर बसल्याबसल्याच. आई लगेच उठून आत जायची, मग आबा सावकाश उठायचे. आधी घरात येताना खोकायचे, आता घरात असूनही खोकायला लागले. तात्या म्हणाले, "आबांना औषध आणू का खोकल्याचं?" मी म्हटलं, मुळीच आणू नका.

आणि मग ती दुपार. हंगाम जोरात होता, उसाच्या गाड्या रस्त्यानं करकरत चालल्या होत्या. दार सताड उघडं, उन्हाचा उजेड खोलीभर. आबा पुढं, आई मागं, तिच्या पुढ्यात मेथीचा ढीग. मालिकेत कुणाचं तरी लग्न मोडत होतं, आई त्यात इतकी गुंगली होती की पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आल्याचं तिला कळलं नव्हतं. अचानक लाईट गेली. टीव्ही पट्कन काळा पडला.

जुना टीव्ही बंद असला की त्यात आम्ही सगळे कळशीत दिसतो तसे दिसायचो, बारीक डोकी आणि फुगलेली पोटं. कोण कोण आहे तेही कळायचं नाही. ही काच सपाट होती आणि आईनं सकाळीच पुसलेली. त्या काळ्या काचेत सगळी खोली सरळ, जशीच्या तशी उभी राहिली. पुढं फेटा बांधलेले आबा. त्यांच्या खांद्यामागं आई, उघड्या डोक्याची, कपाळावरचं मोठं कुंकू, मधल्या भांगात पांढरे होऊ लागलेले केस. आणि दोघांचे डोळे त्या काचेत एकमेकांना भेटले.

आईचा हात झटकन पदराकडं गेला. मेथी मांडीवरून सांडली. ती उठायला लागली.

"असू दे, बाय," आबा म्हणाले. "बस."

त्यांनी मान वळवली नव्हती. काचेतल्या आईलाच ते म्हणाले होते. पण ते माझ्यामार्फत नव्हतं, 'तुज्या आईला म्हणावं' नव्हतं. एवढ्या वर्षांत आबा आईशी सरळ बोलले ते हे पहिल्यांदा. आई अर्धी उठलेली तशीच थांबली, एक हात पदरावर, एक जमिनीवर. मग खाली बसली. पदर तिनं डोक्यावर घेतला, पण हळू, घाई न करता. लाईट नव्हती, बघण्यासारखं काही नव्हतं, तरी दोघंही त्या बंद टीव्हीकडं बघत बसली होती.

मग आई सांडलेली मेथी गोळा करू लागली.

"मामंजी, च्या टाकू का?"

"टाक," आबा म्हणाले. मग काचेकडंच बघत, "पर साखर जरा कमी टाकत जा. लई वर्सं सांगीन म्हणतोय."

आई उठून आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले तर ती साखरेचा डबा पोटाशी धरून ओट्यापाशी उभी होती, हसत होती आणि डोळेही पुसत होती. मला म्हणाली, "वीस वर्सं गं! वीस वर्सं मी त्या माणसाला पाक पाजला!" मी म्हटलं, आणि त्यांनी तुला वीतभर टीव्ही दाखवला, फिटंफाट. तिनं मला पळी दाखवली.

तो चहा तिनं एकच चमचा साखर घालून केला. कप घ्यायला मी सवयीनं हात पुढं केला, पण तिनं दिला नाही. पदर सावरून ती स्वतः बाहेर गेली आणि कप आबांच्या घोंगडीजवळ ठेवला.